खिम्याची टिक्की : बाहेरून काळी, आतून कच्ची

गेल्या वर्षी मे महिन्यात कोरीटमधील एका घरी सुरतेहून मुलगा, सून व नातवंडे सुट्टीला आली होती. मुलांना शहरात बर्गरची चटक लागलेली. वडिलांनी हौसेने मटणाचा खिमा आणला, संध्याकाळी अंगणात शेगडी पेटवली आणि जाळीवर जाडजूड टिक्क्या भाजून, पावात घालून सर्वांना खाऊ घातल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वर्षांच्या नातवाला माझ्याकडे आणले. पोटात कळा येत होत्या आणि जुलाबात रक्त पडत होते.

आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऊन बाधले असेल. मटण तर आम्ही सगळ्यांनीच खाल्ले."

मी विचारले, "टिक्की आतून कशी होती?"

सून हळूच म्हणाली, "मधे जरा लालसर होती. पण मऊ लागली म्हणून मुलांनी आवडीने खाल्ली."

मुलाला मी नंदुरबारला पाठवले. आठवडाभरात तो बरा झाला. नेमका कोणता जंतू होता ते तपासणीत निघाले नाही, त्यामुळे सगळा दोष टिक्कीवर टाकणे योग्य नाही. तरी त्या संध्याकाळची हकीकत ऐकली तेव्हा चार-पाच चुका माझ्या लक्षात आल्या. त्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी होऊ शकतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे मटण म्हणजे रस्सा. तो तासभर रटरट उकळतो, त्यात जंतू उरत नाहीत. निखाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे. बकऱ्याच्या आतड्यात काही जंतू सुखाने राहतात, बकऱ्याला त्यांचा त्रास नसतो. कापताना ते मांसाच्या वरच्या भागाला लागतात. अखंड तुकडा भाजला तर वरची बाजू आधी तापते आणि तेथील जंतू मरतात. खिमा केला की जे बाहेर होते ते आत जाते. शिवाय एका यंत्रातून अनेक बकऱ्यांचे मांस जाते. म्हणून खिम्याची टिक्की अगदी मध्यापर्यंत शिजली पाहिजे. तुकड्याला जी सूट आहे ती खिम्याला नाही.

अमेरिकेने हा धडा फार महाग घेतला. १९९३ साली तेथे अर्धवट भाजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. 'ई. कोलाय' या जंतूची एक विषारी जात त्या मांसात होती. या जंतूचे विष लहान मुलांच्या मूत्रपिंडावर घाला घालते. (हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावरून आले आहे. त्याचा डुकराच्या 'हॅम'शी संबंध नाही. हा प्रश्न मला दवाखान्यात दोनदा विचारला गेला आहे.) तेथे खिमा गाईच्या मांसाचा असतो, पण या जातीचे जंतू शेळ्या-मेंढ्यांतही सापडतात. कोंबडीच्या खिम्यात साल्मोनेला आणि त्याचे भाऊबंद असतात.

"आम्ही मिरची भरपूर घालतो," असे कोणी म्हणेल. नंदुरबारची मिरची कितीही तिखट असली तरी ती जंतूंना मारत नाही, लिंबूही मारत नाही. मारते ती फक्त उष्णता. मटणाच्या खिम्याला मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस, कोंबडीला ७४. रंगावर विसंबू नये. खिमा कधी कधी पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होतो. स्वयंपाकाचा टोचून पाहायचा थर्मामीटर आता सहज मिळतो, तो टिक्कीच्या बाजूने मध्यापर्यंत खुपसावा. ताप पाहण्याचा थर्मामीटर कृपा करून वापरू नये. त्याची मजल ४२ अंशांपर्यंतच, आणि काचेचा असेल तर फुटून पारा जेवणात पडेल. थर्मामीटर नसेल तर टिक्की पातळ करावी, एक मधोमध मोडून पाहावी. आत ओलसर लाली असेल तर सगळ्याच पुन्हा जाळीवर ठेवाव्यात. लहान मुले, गरोदर बाई व म्हातारी माणसे यांच्यासाठी मात्र अंदाजावर राहू नये. खिमा रश्शात शिजवून द्यावा.

आता चवीचे. नीट भाजलेली टिक्की कोरडी लागते, ही तक्रार खरी आहे, पण तिचे कारण बहुधा आचारी असतो. बकऱ्याचे मांस रुक्ष, म्हणून खिम्यात थोडी चरबी दळून घ्यावी. मीठ टिक्की वळण्याच्या वेळी लावावे. आधीपासून मीठ घालून फार मळले की टिक्की रबरासारखी होते. जाडी अर्धा इंच, रुंदी पावापेक्षा किंचित जास्त, कारण भाजताना ती आवळते. मधे अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे फुगून चेंडू होत नाही. कोळशावर पांढरी राख धरली की मगच टिक्क्या ठेवाव्यात. ज्वाळेवर ठेवल्या तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चे. पेटत्या शेगडीत रॉकेल ओतू नये, त्याने भाजलेले हात मी पाहिले आहेत. उलथन्याने टिक्की दाबायची सवय सोडावी. दाबल्याने रस निखाऱ्यावर पडतो, भडका उठतो, आणि त्या धुरातली घातक द्रव्ये टिक्कीवरच बसतात. वरचेवर उलटत राहिल्यास दोन्ही बाजू सारख्या शिजतात.

त्या घरी आणखी एक गोष्ट घडली होती. खिमा दुपारी आणून सायंकाळपर्यंत ओट्यावर ठेवला होता. मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ मांस बाहेर राहू नये. शीतकपाटात ठेवावे, किंवा खिमा ऐनवेळी आणावा. दुसरे असे की, कच्च्या टिक्क्या ज्या ताटात होत्या त्याच ताटात भाजलेल्या काढल्या, आणि मांस चिरलेल्या विळीवरच कांदा-काकडी चिरली. टिक्की शिजते, पण कांदा कच्चाच पोटात जातो! विळी, ताट आणि हात साबणाने धुवावेत. कोंबडी मात्र नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

२००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि गावोगावी लोकांनी कोंबडी खाणे सोडले. नीट शिजवलेल्या कोंबडीत तो विषाणू टिकत नाही, हे समजावताना माझा घसा कोरडा पडला होता. तेव्हा उकळत्या रश्शाला घाबरणारी माणसे आज लालसर टिक्की कौतुकाने खातात, याचे नवल वाटते.

थंडीत किंवा पावसात शेगडी घरात घेऊन दार लावण्याचा मोह होतो. कोळशाच्या वायूला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. शेगडी अंगणातच ठेवावी आणि जेवण झाल्यावर पाण्याने विझवावी.

इतके करूनही जुलाब लागले तर क्षारसंजीवनी द्यावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. जुलाबात रक्त असेल तर जुलाब बांधणारी गोळी देऊ नये, आणि घरात उरलेले प्रतिजैविकही देऊ नये. मूल सुस्त झाले, फिकट दिसले, चेहरा सुजला किंवा लघवी कमी झाली तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. ही लक्षणे कधी कधी जुलाब थांबत आल्यावर, आठवड्याभराने दिसतात. तेव्हा घरचे निर्धास्त झालेले असतात.

दिवाळीत त्या मुलाच्या वडिलांचा सुरतेहून फोन आला. त्यांनी थर्मामीटर घेतला आहे. पहिली टिक्की बाहेरून अगदी तयार दिसत होती, म्हणाले, आणि आत काटा ५८ वर होता.