जॅझच्या जुन्या तबकड्या आणि प्रेसिंगची पारख

जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवणारे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन तबकड्या एकसारख्या मानत नाहीत. वादक तेच, वाजवलेले तेच, कव्हरवरचे छायाचित्रही तेच. तरी एक तबकडी काही हजारांना जाते आणि दुसरी शेदोनशेला पडून राहते. ती कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात, कोणत्या साच्यावरून दाबली गेली यावर हा फरक ठरतो. या दाबणीला संग्राहक ‘प्रेसिंग’ म्हणतात. प्रेसिंगची पारख करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: तबकडीचा दुर्मिळपणा, तिचा आवाज आणि तिचे ऐतिहासिक मोल. बाजारभाव मुख्यतः पहिल्या गोष्टीवर ठरतो. आवाज साच्यावर आणि राखणीवर ठरतो. तिसरी गोष्ट भारतीय संग्राहकासाठी सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

तबकडी कशी घडते

ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून आधी लॅकर कापली जाते. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवून निकेलचे विद्युतलेपन करतात आणि तो धातूचा थर सोलून काढतात. हा झाला उलटा साचा. त्यावरून सुलटा साचा, म्हणजे ‘मदर’ तयार होते आणि मदरवरून दाबणीचे उलटे साचे, म्हणजे ‘स्टॅम्पर’ निघतात. एका स्टॅम्परवर सुमारे हजारभर तबकड्या निघेपर्यंत त्याची धार टिकते. त्यानंतरच्या तबकड्यांत वरच्या सुरांची चमक कमी होत जाते.

म्हणून एकाच वर्षी, एकाच कारखान्यात निघालेल्या दोन प्रतींतही फरक पडू शकतो. वेगळ्या देशात टेपची प्रत पाठवून नवी लॅकर कापली असेल, तर फरक आणखी वाढतो. टेपची प्रत मूळ टेपपेक्षा एक पायरी खाली असते. शिवाय लॅकर कापणारा तंत्रज्ञ खर्ज आणि वरचे सूर किती ठेवायचे हे आपल्या कानाने ठरवतो.

लेबल, पट्टी आणि अक्षरे

पारखीची सुरुवात लेबलापासून होते. न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ कंपनीच्या लेबलावरचा पत्ता बदलत गेला: आधी 767 लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू, मग 47 वेस्ट 63 वा रस्ता, त्यानंतर नुसते न्यूयॉर्क. 1966 मध्ये ‘लिबर्टी’ने ही कंपनी विकत घेतली आणि लेबलावर लिबर्टीचे नाव आले. कोलंबियाच्या अमेरिकी एलपींवर लेबलाच्या दोन बाजूंना मिळून सहा डोळ्यांसारखी चिन्हे असत. 1962 च्या सुमारास ती दोनवर आली. ‘प्रेस्टिज’च्या पिवळ्या लेबलावर न्यूयॉर्कच्या 50 व्या रस्त्याचा पत्ता असेल, तर ती प्रत बर्गनफील्डच्या पत्त्याच्या प्रतीपेक्षा जुनी.

लेबल मात्र पुरेसा पुरावा नव्हे. छापून उरलेली जुनी लेबले नव्या दाबणीवर लावली जात. खरा पुरावा शेवटची खोबण संपते तिथून लेबलापर्यंतच्या मोकळ्या पट्टीत असतो. या पट्टीला ‘डेड वॅक्स’ म्हणतात. तिच्यात साच्याची ओळख देणारा मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला किंवा ठोकलेला असतो. ब्लू नोटच्या जुन्या तबकड्यांत तिथे कानासारखे दिसणारे एक चिन्ह सापडते. ते खरे तर तिरकस लिहिलेले इंग्रजी ‘पी’ अक्षर असून प्लास्टिलाइट या दाबणीच्या कारखान्याची ती खूण आहे. 1966 नंतरच्या प्रतींत ती दिसत नाही. शेजारी ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा असेल, तर लॅकर ध्वनितंत्रज्ञ रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली आहे. त्यांचे ध्वनिमुद्रण 1959 पर्यंत हॅकेन्सॅक येथील आईवडिलांच्या घरात चाले, पुढे एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत.

ब्रिटनच्या इएमआयची पद्धत वेगळी. लेबल सरळ धरले की खाली मॅट्रिक्स, डाव्या हाताला मदरचा क्रमांक आणि उजव्या हाताला स्टॅम्परची अक्षरे येतात. ही अक्षरे ‘ग्रामोफोन लि.’ या इंग्रजी नावातून घेतलेली आहेत. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3 अशा क्रमाने शेवटचे डी म्हणजे 0. एकच ‘जी’ दिसला, तर ती प्रत त्या मदरच्या पहिल्याच स्टॅम्परची.

पहिले प्रेसिंग आणि चांगले प्रेसिंग

पहिले प्रेसिंग म्हणजेच सर्वांत चांगले, ही समजूत संग्राहकांत घट्ट रुजलेली आहे. तिला छेद देणारे उत्तम उदाहरण म्हणजे माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. हा एलपी 17 ऑगस्ट 1959 रोजी आला. 2 मार्चच्या बैठकीत मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होते. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की पहिल्या बाजूची तिन्ही वादने जरा जलद आणि चढ्या सुरात ऐकू येतात. सोबतच्या दुसऱ्या यंत्रावरची टेप अचूक होती. तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघायला 1992 साल उजाडले. म्हणजे सहा डोळ्यांची, सर्वांत महाग प्रत सुरात चुकीची आहे आणि तेहतीस वर्षांनी निघालेली स्वस्त आवृत्ती बरोबर आहे. तरीही पहिल्या प्रतीतला वाद्यांचा ताजेपणा अनेकांना अधिक भावतो, कारण तेव्हा टेप नवी होती. आवाजाची पसंती आणि अचूकपणा या दोन निराळ्या कसोट्या आहेत.

नव्या महागड्या आवृत्त्यांबाबतही सावध राहावे लागते. 180 ग्रॅम वजनाची तबकडी वाकत कमी असली, तरी वजनामुळे आवाज सुधारत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ या कंपनीच्या तंत्रज्ञांनी एक गोष्ट मान्य केली: पूर्णपणे अ‍ॅनालॉग समजल्या जाणाऱ्या तिच्या अनेक आवृत्त्यांत मध्ये डिजिटल पायरी होती. त्या तबकड्यांचा आवाज वाखाणणाऱ्या भल्याभल्या जाणकारांना तोवर ती ओळखू आली नव्हती.

मुंबईचा जॅझ लाखेवर

भारतीय संग्राहकाचे खरे क्षेत्र इथून सुरू होते. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. 1936 मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडने ‘रेक्स’ या लेबलासाठी मीना सायलस यांची ताजमहाल हॉटेलावरची रचना ध्वनिमुद्रित केली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील आपल्या पुस्तकाला तिचेच नाव दिले आहे. वेदरफर्ड पुढे कोलकात्यात स्थिरावले, युद्धकाळात त्यांनी कोलंबियासाठी तबकड्या केल्या आणि 1945 मध्ये तिथेच पटकीने त्यांचे निधन झाले.

या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या, दर बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. ग्रामोफोन कंपनीने 1908 मध्ये कोलकात्यात कारखाना काढला आणि 1928 मध्ये दमदमला मोठा कारखाना उभारला. लाख इथल्याच जंगलांतली. गोंदिया-भंडाऱ्याच्या पळस-कुसुमांवरही तिचे पीक घेतले जाई. अमेरिकेत एलपी 1948 मध्ये आली आणि साठचे दशक उजाडताना लाखेची तबकडी जवळपास संपली. भारतात चावीचे ग्रामोफोन घरोघर असल्याने ती पुढे अनेक वर्षे निघत राहिली. ‘बीटल्स’ची गाणी दमदमला 78 फेऱ्यांवर दाबली गेली आणि त्या तबकड्यांवर आज जगभरच्या संग्राहकांची नजर असते.

चित्रपटाच्या तबकडीतला जॅझ

मुंबईच्या जॅझचा मोठा भाग जॅझ म्हणून छापलाच गेला नाही. तो हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांत आहे. याचे मोठे श्रेय सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांना जाते. पुणतांब्यात जन्मलेल्या या संगीतकाराने नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. पुढे मुंबईत त्यांना गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ यांची साथ मिळाली. ‘शहनाई’ (1947), ‘समाधी’ (1950) आणि ‘अलबेला’ (1951) यांच्या तबकड्यांवर संगीतकाराचे आणि गायकांचे नाव असते, वादकांचे नसते. ‘अलबेला’त मात्र चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

हीच गोष्ट सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोमंतकीय संयोजक-वादकांची. गोव्यात क्रिस पेरी आणि लोर्ना यांनी जॅझच्या बाजाची कोंकणी गाणी ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्ही लेबलावर केली. त्यामुळे जॅझचा भारतीय संग्रह उभारताना चित्रपटगीतांचा आणि कोंकणी गाण्यांचा ढीग वगळून चालत नाही.

एलपीचे तीन टप्पे

एलपीच्या काळातील तीन ध्वनिमुद्रणे प्रेसिंगच्या अभ्यासासाठी विशेष उपयोगी आहेत. पहिले, कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचे ‘इंडो-जॅझ स्वीट’. हे लंडनमध्ये झाले आणि ब्रिटनमध्ये कोलंबियाने, अमेरिकेत अटलांटिकने काढले. एकाच बैठकीच्या दोन खंडांतल्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकता येतात.

दुसरे, शंकर-जयकिशन यांचे ‘रागा जॅझ स्टाइल’ (एचएमव्ही, 1968). तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत 11 राग. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत. त्या काळच्या एचएमव्हीच्या क्रमांकातील ‘ईसीएलपी’ ही अक्षरे मोनो आणि ‘ईसीएसडी’ ही स्टिरिओ आवृत्ती दाखवतात, म्हणून विकत घेताना आधी क्रमांक पाहावा. पुढे निघालेल्या नव्या आवृत्त्यांमुळे ऐकण्यासाठी मूळ प्रतच हवी असे राहिलेले नाही.

तिसरे, मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांचे जो हॅरियटसोबतचे ‘हम दोनो’ (1969). लंडनचे निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्या लॅन्सडाउन मालिकेतील ही तबकडी ब्रिटिश जॅझच्या सर्वांत दुर्मिळ एलपींत गणली जाते. मुंबईच्या माणसाची ही कामगिरी मुंबईपेक्षा लंडनच्या लिलावांत अधिक ओळखली जाते.

तुलना करण्याची रीत

दोन प्रेसिंगची तुलना करायची तर दोन्ही तबकड्या आधी धुवाव्यात, कारण धूळ आणि जुन्या बोटांचे ठसे यांमुळे चांगली प्रतही खराब वाटते. विनाइलला पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीवर ते कधीही लावू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

सुई तबकडीच्या जातीची हवी. 78 फेऱ्यांच्या खोबणीला सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, जुन्या मोनो एलपीला 25 आणि स्टिरिओला 18 च्या आसपास. 1954 च्या सुमारास ‘आरआयएए’ हे प्रमाण रूढ झाले. त्याआधी प्रत्येक कंपनी खर्ज आणि वरचे सूर आपल्या मापाने कमीजास्त करी. त्या काळची तबकडी आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बोथट किंवा कर्कश वाटली, तर दोष प्रेसिंगचाच असेल असे नाही.

आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी असावी. अर्ध्या डेसिबलने मोठी वाजणारी प्रत कानाला हमखास सरस वाटते. बाजूचे पहिले आणि शेवटचे, दोन्ही वादने ऐकावीत. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला 20 च्या आसपास. कच्च्या कापणीचे दोष म्हणून शेवटी उघडे पडतात. कोणती प्रत चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने तबकडी बदलली, तर कौल अधिक विश्वासाचा.

भारतीय दाबणीच्या परदेशी एलपींबद्दल सरसकट नाक मुरडले जाते. त्यांच्यासाठी इंग्लंडमधील हेजच्या इएमआय कारखान्यातून आलेले साचे वापरले गेले असतील, तर कापणी ब्रिटिश प्रतीसारखीच असते आणि फरक फक्त विनाइलच्या प्रतीचा आणि दाबणीच्या काळजीचा उरतो. हे मॅट्रिक्स क्रमांक जुळवून ताबडतोब कळते. क्रमांक जुळला आणि पृष्ठभाग शांत असला, तर कमी किमतीत तोच आवाज मिळतो.

नागपूरच्या हवेत राखण

संग्रह टिकवणे हे जमवण्याहून अवघड, आणि विदर्भात तर अधिकच. विनाइल 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. जरीपटक्यासारख्या दाट वस्तीतली वरच्या मजल्यावरची, तापलेल्या स्लॅबखालची खोली, पत्र्याची शेड किंवा उन्हात उभी राहिलेली बंद गाडी ही तबकडी ठेवण्याची जागा नव्हे. कूलरचा दमट झोतही कपाटावर येऊ देऊ नये. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओलावा आणि पुढे पावसाळा यांमुळे कव्हरांना बुरशी धरते आणि ती खोबणीत उतरते. तबकड्या उभ्या, फार न दाबता, तळमजल्यावर किंवा आतल्या भिंतीशी ठेवाव्यात. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात, त्यांच्यावर वजन पडू देऊ नये. प्लास्टिकचे जुने, चिकटणारे आतले कव्हर काढून कागदी किंवा पॉलिथिनचे घालावे.

नोंदीचे काम यापेक्षाही निकडीचे आहे. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या आणि माहिती प्रसिद्ध करून या क्षेत्रात मोठी भर घातली. घराघरांत पडलेल्या तबकड्यांची नोंद मात्र घरच्यांनीच करायची आहे. जुन्या रेकॉर्ड भंगारवाल्याकडे किंवा रद्दीत देण्याआधी प्रत्येकीचे लेबल, क्रमांक आणि डेड वॅक्समधली अक्षरे एका वहीत उतरवावीत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. किंमत नंतर कोणीही सांगेल. मुंबईच्या बँडची, नाव नसलेल्या गोमंतकीय वादकांची तबकडी एकदा फुटली, की तिचा क्रमांक कोणत्याही लिलावात पुन्हा विकत मिळत नाही.