प्रवाळ कोमेजतें तेव्हां

श्रोतेहो, नृसिंहवाडीच्या घाटावर ज्यानें एखादें वर्ष काढलें असेल, त्याला पाण्याचे स्वभाव निराळे शिकवावे लागत नाहींत. हिंवाळ्यांत संथ वाहणारी कृष्णा आषाढ-श्रावणांत गढूळ होऊन चढते, मंदिरांत शिरते आणि दक्षिणद्वारानें बाहेर पडते. नदींतल्या माशांना हे फेरफार अंगवळणीं पडलेले असतात. खुल्या समुद्रांतील प्रवाळाचें तसें नाहीं. ज्या पाण्यांत त्याच्या पिढ्या वाढल्या, त्याचा खारटपणा वर्षभर फारसा बदलत नाहीं, आणि ऊबहि ठराविक मर्यादेंतच राहते. असा हा जीव समुद्रापासून सव्वाशेंहून अधिक किलोमीटर दूर, एका काचपेटींत ठेवला तर काय होतें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

वाडींतील माझ्या एका स्नेह्यांनीं दोन फूट लांबीची, ६० लिटर पाण्याची काचपेटी सिद्ध केली. तींत खडक, वाळू, दोन लहान मासे, चार गोगलगाई आणि मऊ जातीचीं तीन प्रवाळें सोडलीं. दोन-तीन आठवडे होतात न होतात तों मला निरोप आला, "मास्तर, पोवळीं रुसलीं आहेत, एकदां येऊन पाहा." मी गेलों. एक प्रवाळ पांढरें पडलें होतें, दुसरें मिटून बसलें होतें, तिसऱ्याच्या अंगावर बुळबुळीत थर आला होता. शेजारीं औषधांच्या बाटल्यांची रांग होती.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय तें लक्षांत घेऊं. अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें म्हणजे एका सागरी जीवाचा सांगाडा. काचपेटींतील प्रवाळें हीं त्याचीं दूरचीं भावंडें. बहुतेक प्रवाळें हीं पॉलिप नांवाच्या इवल्या जीवांच्या वसाहती असतात. उथळ पाण्यांतील बहुतेक प्रवाळांच्या शरीरांत एकपेशीय शैवालें वस्तीला असतात. तीं प्रकाशाच्या साहाय्यानें साखर तयार करतात आणि तिचा मोठा वांटा यजमानाला देतात. पाणी फार तापलें किंवा प्रकाश एकाएकीं प्रखर झाला, कीं हा संसार मोडतो. शैवालें बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरें दिसूं लागतें. पांढरें पडणें म्हणजे मरण नव्हे, पण उपासमारीचा आरंभ खास. उलट प्रकाश कमी किंवा पाण्यांत पोषकद्रव्यें फार झालीं, तर शैवालें माजतात आणि प्रवाळ तपकिरी होतें. मिटणें आणि बुळबुळ हीं मात्र अनेक दुखण्यांचीं सामाईक लक्षणें आहेत. म्हणून औषध ओतण्यापूर्वीं मोजमाप करावें, हा पहिला नियम.

पहिलें मोजमाप खारटपणाचें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटतें तेव्हां केवळ पाणीच जातें, मीठ मागें राहतें. म्हणून साठाचें पंचावन्न लिटर झालें कीं ३५ चा आंकडा ३८ वर जातो. ही तूट गोड्या पाण्यानेंच भरून काढावी. आमच्या स्नेह्यांनीं ती दोनदां खाऱ्या पाण्यानें भरली होती. परिणामीं आंकडा ४१ च्या घरांत पोंचला. तो एका दिवसांत खालीं ओढणें हाहि आघातच ठरतो. रोज एक-दोन अंकांनीं उतरवावा.

दुसरें मोजमाप उष्णतेचें. २५-२६ अंश सेल्सिअस हें उत्तम. शिरोळ भागांतील चैत्र-वैशाखांत खोलींतलें पाणी सहज तीसच्या वर जातें. पाण्यावर पंखा लावल्यास तें दोन-तीन अंशांनीं निवतें, पण आटतेंहि अधिक; म्हणजे पहिल्या नियमाकडे पुन्हां पाहावें लागतें.

तिसरें मोजमाप विष्ठेच्या विषाचें. माशांच्या मलांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया होतो. एक जातीचे जीवाणू त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट. ही जीवाणूंची वसाहत खडकांवर व वाळूंत बसण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पेटी दिसावयास तयार असते, वागावयास नसते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावांचून प्रवाळ आणूं नये. आमच्या पेटींत अमोनिया होता. अन्न कमी केलें, पाण्याचा थोडा थोडा भाग बदलला, आणि तो गेला.

तरीहि प्रवाळें उघडेनात! आतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. चारी गोगलगाई मेल्या होत्या, मासे मात्र मजेंत होते. पृष्ठवंशीय माशाला जें सोसतें आणि अपृष्ठवंशीय जीवाला जें मारतें, असें पेटींत काय असावें? मीं विचारलें, "खारें पाणी कालवतां कशांत?" आंतून उत्तर आलें, "तांब्याच्या घागरींत. शुद्ध राहतें ना!"

कोडें उलगडलें. आपल्या घरांत तांब्याचें पाणी आरोग्यदायी मानतात. पण खारें पाणी तांब्यास झिजवितें, आणि पाण्यांत उतरलेल्या तांब्याचा अत्यल्प अंशहि गोगलगाई व प्रवाळ यांना घातक ठरतो. औषधांच्या बाटल्या, घागर, सारें दूर झालें. आर. ओ. यंत्रानें शुद्ध केलेलें पाणी प्लास्टिकच्या बादलींत कालवून, तितकेंच उबदार व तितकेंच खारट करून, एक दिवसाआड पेटीचा दहावा हिस्सा बदलला. गाळणींत सक्रिय कोळसा ठेवला. नदीचें किंवा विहिरीचें पाणी मीं मुद्दाम टाळलें, कारण उसाच्या मळ्यांतील खतांचे नायट्रेट व फॉस्फेट त्यांत उतरूं शकतात. पांढरें पडलेलें प्रवाळ वांचलें नाहीं. उरलेलीं दोन मात्र कांहीं आठवड्यांनीं हळूहळू उमललीं.

कठीण सांगाड्याच्या प्रवाळांविषयीं एक इशारा आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं भित्तिका बांधणारीं प्रवाळें घालण्यांत आलीं. आपल्या समुद्रांतून तीं काढणें हा गुन्हा आहे. सहलीहून आठवण म्हणून तुकडा आणणेंहि वर्ज्यच.

आपल्या महाराष्ट्राचीं प्रवाळें पाहावयाचीं तर मालवणास जावें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रांत तीं आहेत, आणि १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. २०१५ च्या सुमारास तेथील प्रवाळेंहि पांढरीं पडल्याचें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नोंदविलें. नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक ऊब कांहीं आठवडे टिकली, तरी प्रवाळाला तें पुरतें.

श्रोतेहो, काचपेटींतील पाणी आपण बदलूं शकतों, घागर बाजूस ठेवूं शकतों, पंखा लावूं शकतों. समुद्राला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. म्हणून ज्यांना ही हौस असेल त्यांनीं दोन-तीन महिने आधीं पाणीच सांभाळून पाहावें. तें साधलें तर मग एक मऊ प्रवाळ आणावें. न साधलें, तर मालवणच्या समुद्रांतच तीं पाहावीं.