वहीतला पाचवा रकाना

रविवार, 15 डिसेंबर 2024. आज नागपुरात राज्य मंत्रिमंडळाचा विस्तार आहे. मी जळगावातल्या एका दैनिकात जिल्ह्याची पानं लावतो. जळगाव आणि धुळे, दोन्हींची पानं माझ्या टेबलावरून छपाईला जातात.

सकाळी 6

थंडी कडाक्याची आहे. आई शेगडीवर हात शेकत बसली आहे. चहाचा कप पुढे करताना ती विचारते, "पाण्याचं खातं कोणाकडे जाईल रे?"

"आज नुसती शपथ, आई. खाती मागाहून."

"मग आज काय ठरणार?" असं म्हणत ती उठते. तिचं माहेर गिरणाकाठचं. नदीला पाणी असलं की विहिरी भरलेल्या, नसलं की वाळूत झिरा खोदायचा आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा, हे तिचं लहानपण. तिचा प्रश्न मी दिवसभर सोबत घेऊन फिरणार आहे.

कपाटातून जुनी वही काढतो. लांबट, जमाखर्चाच्या वहीसारखी. खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारमधून, जो कोणी मंत्री झाला, त्याची नोंद यात आहे. रकाने पाच: नाव, तालुका, खातं, कधी मिळालं आणि कधी सुटलं, आणि शेवटचा, 'काय राहिलं'. मंत्री गेल्यावर मागे टिकून काय राहिलं आणि करायचं काय राहून गेलं, दोन्ही त्याच रकान्यात लिहितो.

सकाळी 8

"फोन आला का?" आज जिल्ह्याचा रामराम हाच आहे. ज्यांना शपथ घ्यायची आहे त्यांना आपापल्या पक्षाच्या वरिष्ठांचे फोन जातात. आमचे तालुका प्रतिनिधी आमदारांच्या घराबाहेर उभे आहेत. जामनेरहून निरोप येतो, भुसावळहून येतो. इकडे सगळेच भाऊ. एकनाथ खडसे नाथाभाऊ, गिरीश महाजन गिरीशभाऊ, गुलाबराव पाटील गुलाबभाऊ. त्यामुळे "भाऊंना फोन आला" एवढ्यावर बातमी होत नाही. कुठले भाऊ, हे विचारावंच लागतं.

मोबाइलवर याद्या फिरू लागल्या आहेत. नावासमोर खातंसुद्धा लिहिलेलं. अशी यादी छापायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. मागे एका विस्ताराच्या आदल्या रात्री माझ्या हातून मथळ्यातला 'संभाव्य' हा शब्द गळला. सकाळी त्या घरी पेढे आले, हार आले, आणि दुपारी नाव पुकारलंच गेलं नाही. त्या माणसाच्या म्हाताऱ्या वडिलांनी मला फोन केला. रागावले नाहीत. "पेपरात होतं म्हणून खरं वाटलं," एवढंच म्हणाले. राज्यपालांसमोर शपथ होईपर्यंत कोणीही मंत्री नाही, हे त्या दिवशी मनावर कोरलं गेलं.

सकाळी 10.30

कार्यालयात बैठक. फळ्यावर मी आकडे लिहितो, कारण नव्या उपसंपादकांना हे गणित कळायला हवं. विधानसभेच्या जागा 288. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर नेता येत नाही. म्हणजे मुख्यमंत्री धरून फार तर 43. त्यातले तिघे, देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे आणि अजित पवार, यांनी 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ घेतली आहे. उरल्या 40 खुर्च्या. त्या सत्ताधारी महायुतीच्या तीन पक्षांत, छत्तीस जिल्ह्यांत, समाजासमाजांत आणि जुन्या-नव्यांत वाटायच्या.

आता आपल्याकडचा हिशेब. जळगाव जिल्ह्यात 11 जागा, सगळ्या महायुतीच्या. धुळ्यात 5, त्याही सगळ्या. सोळापैकी सोळा. "म्हणजे आपल्याला भरपूर मिळायला पाहिजेत," एक मुलगी म्हणते. मी तिला सांगतो, ताट भरलं की पंगतीत वाढप्याचं लक्ष रिकाम्या ताटाकडे जातं. जिथं निवडून आणायचं अजून बाकी आहे, तिथं मंत्रिपद देण्याकडे पक्षांचा कल असतो. सोळापैकी सोळा हा आपला जोर आहे आणि तीच अडचणही आहे.

दुपारी 12.30

रविवार आणि हिवाळा, म्हणजे भरीत. आसोद्याकडच्या एका शेतात ओळखीच्यांनी बोलावलं आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला आहे आणि त्यात हिरवी, पांढुरकी, वीतभर लांब वांगी टाकली आहेत. साल काळी पडून फुटली की ती काढायची, देठ धरून सोलायची, मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी.

पंगतीत बोलणं विस्ताराचंच, पण वेगळ्या अंगानं. कापसाचा हमीभाव यंदा लांब धाग्याला क्विंटलला 7,521 रुपये आहे. केंद्रावर न्यायचा तर ओलावा मोजतात, रांग लागते. घरी लग्न असेल, उधारी असेल, तर खेडा खरेदीवाल्याला कमी भावात घालावा लागतो. एक काका विचारतात, "आपला माणूस मंत्री झाला तर काट्यावर फरक पडेल का, ते लिहा ना." मंत्रिपदाची बातमी मोजायची तर ती कापसाच्या काट्यावरच मोजायला हवी. मी हे वाक्य वहीत टिपून घेतो.

दुपारी 2.30

परत टेबलावर. चौकट तयार करायची आहे: खानदेश आणि मंत्रिमंडळ. वही उघडतो.

पहिल्या पानांवर प्रतिभा पाटील. 1962 ला जळगावातून विधानसभेत गेल्या, 1967 ला उपमंत्री झाल्या, 1972 ला कॅबिनेट मंत्री. समाजकल्याण, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, पुढे नगरविकास आणि गृहनिर्माण, अशी किती खाती त्यांच्याकडे येऊन गेली. मधल्या काळात विरोधी पक्षनेत्या, आणि 2007 ला राष्ट्रपती. खातेपालट म्हणजे काय, हे एकाच कारकिर्दीत पाहायचं तर हे पान वाचावं.

पुढे रावेरचे बाळासाहेब चौधरी, मंत्री आणि नंतर विधानसभेचे अध्यक्ष. धुळ्याचे रोहिदास पाटील. मग एकनाथ खडसे: 1995 च्या युती सरकारात मंत्री, 2014 ला महसूलमंत्री, 4 जून 2016 ला राजीनामा. महिनाभरानं, 8 जुलैला विस्तार झाला. त्यात शिंदखेड्याचे जयकुमार रावल कॅबिनेट मंत्री झाले आणि गुलाबराव पाटील राज्यमंत्री. एक खुर्ची जळगावची रिकामी झाली आणि दोन पानं नवीन उघडली. भुसावळचे संजय सावकारे 2013 च्या आघाडी सरकारात राज्यमंत्री होते. अमळनेरचे अनिल पाटील 2 जुलै 2023 ला मंत्री झाले, मदत व पुनर्वसन खातं मिळालं.

रकाने भरताना एक गोष्ट दरवेळी टोचते. नाव, तालुका, खातं, तारीख हे चार रकाने पटापट भरतात. पाचवा भरायला वर्षं लागतात. अमळनेरजवळच्या पाडळसे धरणाचं काम गेल्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. त्याच्यापुढे किती पाटबंधारे मंत्री आले आणि गेले. भिंत मात्र तीच.

दुपारी 4

नागपूरच्या राजभवनाचं थेट प्रक्षेपण. विस्ताराचा शपथविधी नागपुरात होण्याची ही 1991 नंतरची पहिलीच वेळ. उद्यापासून हिवाळी अधिवेशन आहे. जळगाव रेल्वेनं मुंबईपासून जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच नागपूरपासून. दोन्ही राजधान्यांच्या बरोबर मध्ये बसून मी पडद्याकडे पाहतो आहे.

राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन येतात. पहिलं नाव चंद्रशेखर बावनकुळे. पाचवं गिरीश महाजन. सहावं गुलाबराव पाटील. लागोपाठ दोन नावं जळगावची. कार्यालयात टाळ्या पडतात, मीही वाजवतो. पुढे तेरावं नाव जयकुमार रावल. धुळ्याच्या आमच्या प्रतिनिधींचा फोन, मागे फटाके: "आबा, आपला भाऊ व्हयना मंत्री!" पंचविसावं संजय सावकारे. चार.

मी प्रत्येकाची शपथ पूर्ण ऐकतो. पदाची एक, गोपनीयतेची दुसरी. शब्द तेच असतात, तरी ऐकतो. कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता, हा भाग आला की मला शेतातले ते काका आठवतात.

एकूण 39 जणांनी शपथ घेतली, 33 कॅबिनेट आणि 6 राज्यमंत्री. मंत्रिमंडळ 42 चं झालं. एक जागा मोकळी.

संध्याकाळी 6

जामनेर, धरणगाव, भुसावळ, दोंडाईचा, चारही ठिकाणांहून फोटो येत आहेत. गुलाल, डीजे, पेढे. लाल दिव्याची गाडी 2017 लाच बंद झाली, पण बोलताना लोक अजून "लाल दिवा मिळाला" असंच म्हणतात. त्यात आनंद खरा आहे. मुंबईत कोणीतरी आपल्या बोलीत बोलणारं आहे, ही भावना लहान नाही.

अमळनेरहून एकही फोटो नाही. अनिल पाटील यांचं नाव आज नव्हतं. नंदुरबारहूनही नाही. विजयकुमार गावित यांच्याकडे गेल्या सरकारात आदिवासी विकास खातं होतं, आज तेही नाहीत. 1998 ला धुळ्यापासून वेगळा झालेला, सातपुड्यातला हा जिल्हा आज मंत्र्याविना राहिला. मी ठरवतो, पहिल्या पानावर चौघांचे फोटो जातील, आणि त्यांच्याखालीच नंदुरबारची बातमी जाईल. आतल्या पानात नाही. खानदेश म्हणायचं आणि डोंगरातला भाग वगळायचा, हे मला पटत नाही.

रात्री 8

उद्याच्या अंकासाठी टिपण लिहितो. आज नागपुरातच अजित पवारांनी अडीच वर्षांनी मंत्री बदलण्याची गोष्ट काढली आहे. जास्त जणांना संधी, हे त्यामागचं कारण. यावर लिहिताना मला जपान आठवतं.

युद्धानंतरच्या जपानी राज्यघटनेच्या 68 व्या कलमानं पंतप्रधानाला मंत्री नेमण्याचा आणि हवा तेव्हा काढण्याचा पूर्ण अधिकार दिला. 1955 ला तिथं लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला आणि 1993 पर्यंत सलग सत्तेत राहिला. विरोधकांना पाळी येत नव्हती, म्हणून पक्षातल्या गटांनी आपसात पाळी लावली. पाच-सहा वेळा निवडून आलेला खासदार मंत्रिपदाच्या रांगेत धरला जाई. गटांचे नेते पंतप्रधानांकडे नावांच्या याद्या देत आणि जवळजवळ दरवर्षी फेरबदल होई. नवे मंत्री पंतप्रधान निवासाच्या जिन्यावर ओळीनं उभे राहून फोटो काढत. पुढच्या वर्षी जिना तोच, चेहरे बहुतेक नवे. या पद्धतीनं पक्ष एकत्र राहिला, हे खरं. पण मंत्री खातं समजून घेईपर्यंत उठायची वेळ येई आणि कारभार खात्याच्या सचिवांच्या हाती राही. 2001 ला कोइझुमी यांनी गटांच्या याद्या बाजूला ठेवून स्वतः नावं ठरवली, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली ती याचसाठी.

आपली आघाड्यांची सरकारं त्याच वाटेनं चालली आहेत. गटांच्या जागी पक्ष आहेत, एवढाच फरक. पाळीपाळीनं मंत्रिपद मिळालं तर जिल्ह्याला मान मिळतो. धरणाला मात्र मान लागत नाही, सलग दहा वर्षं पाठपुरावा लागतो. मंत्री बदलला तरी काम बदलू नये, एवढी मागणी वाचकांनी करावी, असं लिहून टिपण संपवतो.

रात्री 10

मथळा. कोणी सुचवतं, 'खानदेशला चौकार'. शब्द चटपटीत आहे, पण अजून खाती कुठे कळली आहेत? मी लिहितो, 'जळगावचे तीन, धुळ्याचा एक मंत्री, खात्यांची प्रतीक्षा'. साधा आहे. खरा आहे. जाहिरात विभागातून अभिनंदनाच्या जाहिराती येत राहतात. पान पुन्हा बसवावं लागतं. नंदुरबारची बातमी खाली सरकवा, असं सुचवलं जातं. मी ती हलू देत नाही. पावणेअकराला डाक आवृत्ती सुटते. शिरपूर, साक्रीच्या गाड्या याच अंकांची वाट बघतात.

रात्री 12.30

शहर आवृत्ती गेली. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहितो. नाव, तालुका, तारीख. खात्याचा रकाना कोरा. सकाळी आईला काय सांगायचं?

सहा दिवसांनी

शनिवार, 21 डिसेंबरच्या रात्री खातेवाटप झालं आणि कोरा रकाना भरला. गुलाबराव पाटील यांच्याकडे पाणीपुरवठा व स्वच्छता. ठाकरे, शिंदे आणि आता फडणवीस, तिसऱ्या मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली तेच खातं. वहीत असं पान दुसरं नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडून हिशेबही जास्त मागता येईल. सावकारे यांच्याकडे वस्त्रोद्योग. ज्या जळगावात खानदेश मिलचा भोंगा बंद होऊन जमाना लोटला, तिथल्या माणसाकडे. रावल यांच्याकडे पणन, म्हणजे बाजार समित्या. महाजन यांच्याकडे जलसंपदा, पण अर्धं. विदर्भ, तापी आणि कोकण महामंडळं त्यांच्याकडे, गोदावरी आणि कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे.

पाणी, पिण्याचं पाणी, कापूस, बाजार. आईच्या प्रश्नात आणि शेतातल्या त्या पंगतीत जे बोललं गेलं, तेवढ्याच चार गोष्टी चार माणसांकडे आल्या आहेत. इतकी नेमकी वाटणी माझ्या वहीत याआधी कधी नोंदली गेलेली नाही.

रविवारी सकाळी आईला सांगितलं, "तापीचं पाणी गिरीशभाऊंकडे. गिरणाही त्यातच आली."

ती शेगडीत कोळसा सारत होती. "लिहून ठेव," म्हणाली.

लिहिलं. पाचवा रकाना तेवढा मोकळा ठेवला आहे. यंदा त्यासाठी जागा जास्त सोडली आहे.