लेखकाचे जगणे पडद्यावर

गायकाचे गाणे पडद्यावर ऐकवता येते, खेळाडूचा सामना रंगवता येतो. लेखन ही मात्र एकांतातील, जवळजवळ अदृश्य क्रिया. मेजाशी बसून कागद भरणारा माणूस प्रेक्षक किती वेळ पाहणार? म्हणूनच लेखकाच्या जीवनावर चित्रपट करताना दिग्दर्शकाला लेखणीभोवतीचा संघर्ष शोधावा लागतो.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) हे फार पूर्वी साधले. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो आणि पुढे गाथाच इंद्रायणीत बुडवावी लागते. शब्दांवरील हक्क आणि शब्दांचे अस्तित्व, असे दोन्ही प्रश्न येथे दृश्यरूप घेतात.

दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण आयुष्याऐवजी एकच निर्णायक कालखंड निवडणे. ‘कपोटी’ (२००५) हा चित्रपट ट्रुमन कपोटी यांच्या एकाच पुस्तकाच्या जन्माभोवती फिरतो. कॅन्ससमधील १९५९च्या हत्याकांडावरील हे पुस्तक पूर्ण होण्यासाठी आरोपींच्या फाशीची वाट पाहणारा लेखक त्यात दिसतो. ही भूमिका करणाऱ्या फिलिप सीमोर हॉफमन यांना ऑस्कर मिळाले. नंदिता दास यांचा ‘मंटो’ (२०१८) फाळणीच्या आगेमागची मोजकी वर्षे घेतो. त्यात मंटोंच्या कथा त्यांच्या जगण्यात मिसळतात आणि अश्लीलतेच्या खटल्यामुळे न्यायालय हेच रंगमंच बनते.

वाचकांच्या मनात लेखकाची प्रतिमा आधीच ठसलेली असेल, तर अडचण वाढते. महेश मांजरेकर यांच्या ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ (२०१९) या दोन भागांतील चित्रपटाला पु. ल. देशपांडे यांच्या अशाच घरोघरी रुजलेल्या प्रतिमेला सामोरे जावे लागले. चरित्रपटात निवड अटळ असते. पण काय वगळले, यावरच वाद होतात.

या माध्यमाचे सामर्थ्य आणि धोका एकाच उदाहरणातून कळतो. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी एक नवी रचना लिहिली. ती इतकी अस्सल वाटली, की अनेकांनी ती तुकोबांचीच मानली. परक्याचे अभंग लाटणाऱ्या सालोमालोच्या चित्रपटातच एका कवीचे शब्द असे दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. पडद्यावरचा लेखक पाहून घरी परतल्यावर त्याचे मूळ पुस्तक उघडावे, ते यासाठीच.