नगरपालिका आणि नागरिकांचे चालणे

व्यायाम ही सर्वस्वी व्यक्तीच्या निश्चयाची बाब आहे, अशी आपली दृढ समजूत आहे. तालीम, सूर्यनमस्कार, पहाटेचा फेरफटका यांचा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. परंतु १९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांविषयी जी पाहणी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली, तिने विचाराची दिशाच पालटली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याची सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. वाहकांनी काही व्यायामाचे व्रत घेतले नव्हते. त्यांचे कामच त्यांना हालते ठेवीत होते. (याच संशोधकांनी १९५६ साली गणवेशांच्या मापांवरून चालक मुळातच कमरेने स्थूल असल्याचे दाखविले. तेव्हा तो निष्कर्ष फार ताणावयाचा नाही; मात्र पुढील संशोधनाने त्याला बळकटीच दिली आहे.)

मग जे काम बसच्या जिन्याने केले, ते नगराच्या रचनेकडून करवून घेता येईल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. म्हणजे दिवसाकाठी वीस-बावीस मिनिटे झपाझप चालणे. बसथांब्यापर्यंत वा मंडईपर्यंत पायी जाऊन परतणाऱ्यास एवढे सहज घडते. त्यासाठी निराळा वेळ नको, पण जागा हवी. आणि ती नागरिकाच्या निश्चयाने निर्माण होत नाही.

ती निर्माण करण्याचे क्षेत्र नगरपालिकेचेच होय. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि उद्याने व क्रीडांगणे या दोन्ही बाबी आहेत. दुर्दैवाने कार्यालयात त्यांची दालने वेगळी असतात. आरोग्य खाते डास व साथी पाहते, पादपथ पथविभाग पाहतो, आणि पादपथ हेही औषध आहे हे कोणाच्याच अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पादपथ बांधले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला. हे स्तुत्यच, परंतु वर्षातून एका दिवसाने सवय लागत नाही. कोलंबियातील बोगोटा नगरात १९७४ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते चालणाऱ्यांस व सायकलस्वारांस मोकळे असतात. तेथील मर्म लांबीत नसून नियमितपणात आहे.

आपल्याकडील खरी हानी मात्र रस्त्यावर दिसत नाही. ती नकाशात होते. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये मालक सूचनापत्र देऊ शकतो. विहित मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. मालकाचा हक्क न्याय्यच आहे. पैशाची तरतूद न करता रंग भरून ठेवणे हाच दोष. म्हणून प्रत्येक प्रभागातील आरक्षित क्रीडांगणांची यादी, त्यांच्या दहा वर्षांच्या अखेरीच्या तारखेसह, दरवर्षी अंदाजपत्रकासोबतच सभेपुढे आली पाहिजे.