नुकसान आणि अनुदान : भाग सातवा
तेहतीस टक्क्यांची पायरी

पीकविमा आणि शासकीय मदत यांतील फरक या भागात मांडण्याचे ठरले होते. परंतु परतूर तालुक्यातील एका वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधी देणे सोयीचे ठरेल. एका शेतकऱ्याचे सोयाबीन पूर्ण सडले, शेजाऱ्याचे निम्मे वाचले, तरीही दोघांना हेक्टरी रक्कम सारखीच कशी मिळते, असे त्यांनी विचारले आहे.

याचे उत्तर मदतीच्या मूळ हेतूत आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणारी रक्कम ही नुकसानभरपाई नसून निविष्ठा अनुदान, म्हणजे पुढील हंगामाच्या बियाणे-खतांसाठी दिलेला हातभार असते. त्यामुळे पंचनाम्यात नुकसानीच्या टक्केवारीला एकच काम उरते, ते पात्रता ठरविण्याचे. 2015 पूर्वी ही मर्यादा 50 टक्के होती, ती त्या वर्षी 33 टक्क्यांवर आणण्यात आली. बत्तीस टक्के नुकसान झालेल्यास काहीही मिळत नाही, तर तेहतीस आणि शंभर टक्के यांत अनुदानाच्या दृष्टीने भेद राहत नाही.

पात्रता ठरल्यानंतर रक्कम पिकाच्या प्रकारावर आणि क्षेत्रावर अवलंबून असते. 2022 ते 2026 या काळाच्या केंद्रीय निकषांनुसार जिरायतीस हेक्टरी 8,500, बागायतीस 17,000 आणि बहुवार्षिक पिकांस 22,500 रुपये असा दर असून मर्यादा दोन हेक्टरांची आहे. म्हणूनच 1.20 हेक्टर जिरायती सोयाबीनचे 10,200 रुपयेच होतात, मग शेंगा थोड्या उरोत वा मुळीच न उरोत. आणि अंबडकडील मोसंबीची तीन हेक्टरांची बाग पूर्ण गेली, तरी या निकषांनुसार 45,000 रुपयांपुढे जाता येत नाही. राज्य शासन स्वतःच्या निधीतून ही मर्यादा वाढवू शकते. ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या मदतीत ती तीन हेक्टर करण्यात आली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी 10,000 रुपयांची जादा तरतूदही करण्यात आली.

रक्कम क्षेत्र आणि खातेदाराचे नाव या दोन नोंदींवर ठरत असल्याने, गैरव्यवहारास वावही त्याच दोन नोंदींत सर्वाधिक असतो. शेतात किती पीक गेले याविषयी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त पंचनाम्यावर वाद घालता येतो. पण यादीत एखादे नाव वाढले किंवा हेक्टरचा आकडा फुगला, तर तो शेतात दिसत नाही, सातबाऱ्याशी ताडून पाहिल्यावरच उघड होतो. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाचे जे प्रकरण 2025 मध्ये बाहेर आले आणि ज्यात अनेक तलाठ्यांचे निलंबन झाले, त्यातील आरोपही प्रामुख्याने बनावट लाभार्थी आणि धारणेपेक्षा जास्त दाखविलेले क्षेत्र यांविषयीचे आहेत.

याच रचनेचा दुसरा परिणाम बटईदारावर होतो. पेरणीचा खर्च त्याचा असला, तरी सातबारा मालकाच्या नावावर असल्याने रक्कम मालकाच्या खात्यात जाते, आणि ती वाटून घ्यायची की नाही हे दोघांच्या तोंडी व्यवहारावर राहते.

पुढील भागात पीकविम्याकडे वळता येईल. तेथे उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष उत्पादन किती घटले यावर भरपाईची रक्कम बदलते, आणि परतूरच्या वाचकांना अपेक्षित असलेले प्रमाण तेथेच सापडते.