विश्लेषण : डोळ्यातील पेशीला ‘रात्रपाळी’ कोण लावते?

वीज गेली की घरातली मंडळी काही मिनिटांत अंधाराला सरावतात; एखादा मात्र भिंत चाचपडतच राहतो. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आनुवंशिक विकाराची सुरुवात बहुधा अशीच होते. इथे ‘गाजर खा’ हा सल्ला कामाचा नाही. हा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रातांधळेपणा नव्हे. बिघाड जनुकात असतो.

डीएनए एक, पेशी दोन

दृष्टिपटलात मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी सुमारे ९ ते १२ कोटी. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी साधारण त्यांच्या विसाव्या हिश्श्याइतक्याच. दोन्हींतला डीएनए तोच. कोणती जनुके चालू, कोणती बंद, एवढाच फरक. डोळा घडताना सीआरएक्स हे प्रथिन दोन्ही प्रकारच्या पेशींत प्रकाश टिपण्यासाठी लागणारी जनुके जागी करते. पेशी दंड होणार की शंकू, हे मात्र मुख्यतः एनआरएल ठरवते. हे जनुक १९९२ मध्ये आनंद स्वरूप यांच्या मिशिगन विद्यापीठातील गटाने शोधले. त्याचे प्रथिन सीआरएक्सच्या जोडीने ऱ्होडॉप्सिनच्या जनुकाला चालना देते आणि एनआर२ई३लाही कामाला लावते. एनआर२ई३चे काम पहारेकऱ्याचे : शंकूपेशीची जनुके दाबून ठेवायची.

आदेश मिळालाच नाही तर?

याच गटाने २००१ मध्ये एनआरएल काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यांत दंडपेशी नव्हत्याच. त्या जागी निळ्या प्रकाशाच्या शंकूपेशींसारख्या पेशी होत्या. म्हणजे शंकू ही मूळची वाट, दंडपेशी व्हायला आदेश लागतो! माणसात एनआर२ई३ बिघडले, तर लहानपणापासून रातांधळेपणा येतो आणि डोळा निळ्या प्रकाशाला जास्तच दाद देतो.

रुग्णांना काय उपयोग?

रेटिनायटिस पिग्मेंटोसात आधी दंडपेशी मरतात. खरे दुखणे पुढे आहे. बहुतेकदा स्वतः दोषी नसलेल्या शंकूपेशीही मागोमाग जातात आणि वाचन, चेहरे ओळखणे सुटते. २०१७ मध्ये संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने आजारी उंदरांच्या दंडपेशींतील एनआरएल बंद पाडले. त्या पेशी काहीशा शंकूसारख्या झाल्या, जास्त टिकल्या आणि शंकूपेशीही वाचल्या. रात्रीची नजर देऊन दिवसाची राखण्याचा हा सौदा. रात्रीची तशीही जाणारच असते. पण हे उंदरांत.

आज माणसासाठी हाती आहे ते वेगळ्या जनुकाचे. आरपीई६५मधील दोषावरील जनुक उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. तो फक्त त्याच दोषावर चालतो. त्यामुळे आपले नेमके कोणते जनुक बिघडले आहे, हे जनुकीय चाचणीतून कळणे रुग्णासाठी महत्त्वाचे.